आधी बर्फाचा हिशोब: घरच्या घरी थंड कॉफी

नेहमीसारखी गरम कॉफी करायची, ग्लासात बर्फ भरायचा आणि वरून ओतायची. बर्फ तडतडतो, बघता बघता विरघळतो आणि हातात उरतं ते गारढोण नाही की गरम नाही असं फिकट तपकिरी पाणी. कॉफी कमी पडली असं वाटून आपण अजून अर्धा चमचा पूड टाकतो, ती गुठळ्या होऊन कडेला तरंगत बसते. थंड कॉफीचा पहिला प्रयत्न बहुतेकांचा असाच फसतो. माझाही फसला होता. ऐन मे महिन्यात, अमरावतीच्या उन्हात, आणि तोही सासरची माणसं समोर बसलेली असताना. "सरबत छान झालंय," असं मामंजी म्हणाले. ते टोमणा मारणारे नव्हते, त्यांना खरंच सरबत वाटलं होतं.

तेव्हापासून मी थंड कॉफी करायला घेतली की आधी बर्फाकडे बघते, मग कॉफीकडे. नव्याने शिकणाऱ्यांनीही तिथूनच सुरुवात करावी.

बर्फ किती पाणी सोडतो

शाळेत सातवी-आठवीला शिकलेलं थोडं विज्ञान इथे कामाला येतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायचं तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढावी लागते. उलट एक ग्रॅम बर्फ नुसता वितळताना ८० कॅलरी ओढून घेतो. फ्रीजरमधला बर्फ उणे अठरा अंशांच्या आसपास असतो. तो आधी शून्यावर येतो, मग वितळतो, मग पाणी होऊन पाच अंशांपर्यंत चढतो. हे सगळं धरलं तर ग्रॅममागे साधारण ९४ कॅलरी.

आता १०० ग्रॅम कॉफी ९० अंशांवरून ५ अंशांवर आणायची आहे. काढायच्या कॅलरी झाल्या ८५००. भागाकार केला की उत्तर येतं ९० ग्रॅम बर्फ. म्हणजे कॉफी गार झाली तोवर तिच्यात जवळपास तिच्याइतकंच पाणी शिरलेलं असतं. माझं सरबत असं झालं होतं.

हीच कॉफी आधी ३० अंशांपर्यंत निवू दिली तर २७ ग्रॅम बर्फात काम होतं. फ्रीजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणली तर जेमतेम तीन ग्रॅम लागतो. घरच्या ट्रेमधला एक खडा १५ ते २० ग्रॅम भरतो, त्यावरून अंदाज येईल: उकळत्या कॉफीला पाच-सहा खडे, निवलेल्या कॉफीला दीड-दोन, फ्रीजमधल्या कॉफीला एकही नाही म्हटलं तरी चालेल. (नागपूर-अमरावतीकडे मे महिन्यात 'निवलेली' म्हणजे ३८ अंशांची असते, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा अर्धा खडा जास्तीचा धरा.)

यातून दोन वाटा निघतात. एक, कॉफी आधी गार करायची, मग बर्फ. दोन, कॉफी दुप्पट कडक करायची आणि बर्फाचं पाणी हे कृतीतलंच पाणी समजायचं. पुढच्या सगळ्या कृती यातल्याच कुठल्या तरी वाटेने जातात. तुम्ही कुठल्या वाटेवर आहात हे पातेलं गॅसवर ठेवण्याआधी ठरवा. अर्ध्यात वाट बदलली की घोटाळा होतो.

कॉफी कुठली घ्यायची

वाण्याकडे मिळते ती इन्स्टंट. त्यात दोन जाती आहेत: निव्वळ कॉफी, आणि कॉफीत चिकोरी मिसळलेली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं, कंपन्यांना ते छापावंच लागतं. घेताना एकदा वाचा. चिकोरी हे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. तिने रंग गडद होतो, दाटपणा येतो, थोडा जळक्या गुळासारखा वास येतो, आणि कॅफिन मात्र तिच्यात अजिबात नसतं. दुधाच्या थंड कॉफीत चिकोरी मला आवडते, कारण गार दुधाखाली निव्वळ कॉफीची चव दबते आणि चिकोरी ती उचलून धरते. पण बिनदुधाच्या काळ्या थंड कॉफीत ती नको. तिथे ती काढ्यासारखी लागते.

दुसरी फिल्टरची पूड. दाक्षिणात्य वस्तीत, मुंबईला माटुंग्यासारख्या ठिकाणी, समोर दळून देणारी दुकानं असतात. तिथे 'ऐंशी-वीस' किंवा 'सत्तर-तीस' असं मागायचं, पहिला आकडा कॉफीचा, दुसरा चिकोरीचा. ही पूड बारीक असते.

तिसरी म्हणजे चिकोरी नसलेली, जाडसर दळलेली कॉफी. ती आता ऑनलाइन सर्रास मिळते. मागवताना 'कोल्ड ब्रूसाठी जाड दळण' एवढं निवडलं की झालं (कोल्ड ब्रू म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेली कॉफी, ती पुढे येईलच). भाजणी मध्यम घ्या आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर ती महिन्याभराच्या आतली बघा. बहुतेक माल कर्नाटकातला असतो, चिकमगळूर किंवा कूर्गचा. देशातल्या कॉफीत साधारण ७० टक्के वाटा त्या एका राज्याचा आहे. आम्हा अमरावतीकरांना मात्र कॉफीची झाडं बघायला कूर्गला जावं लागत नाही. दोन-अडीच तासांवर चिखलदरा आहे, मेळघाटात, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि तिथे इंग्रजांच्या वेळेपासून कॉफी लावलेली आहे. मागच्या हिवाळ्यात तिथून आणलेलं पाकीट बारीक दळलेलं निघालं, म्हणून मी ते फिल्टरला लावलं.

सुरुवात करणाऱ्यांनी मात्र तिन्ही एकदम आणू नयेत. घरात असलेल्या इन्स्टंटवर पहिला आठवडा काढा.

साखर, दूध आणि बाकीची किरकोळ भांडणं

साखर गार पाण्यात विरघळते, पण फार सावकाश. ग्लासातली कॉफी संपते आणि तळाला साखरेचा थर दिसतो तो यामुळे. उपाय सोपा आहे. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी पातेल्यात घ्या, साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळी आली की बंद. तार येऊ द्यायची नाही. हा पातळ पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे राहतो. एक चमचा साखरेच्या जागी दीड चमचा पाक असं धरून चला. गूळ घालायचा असेल तर गुळाचाही असाच पाक करा, मात्र तो पूर्ण गार करून, गार दुधातच घाला. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हे गुळाचा चहा करणाऱ्यांना ठाऊक असतंच.

दुधाचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. आपण दूध तापवतो, त्यावर साय धरते, आणि ते दूध तसंच ग्लासात आलं की तोंडात सायीची चिंधी येते. गरम कॉफीत ती कशीबशी खपते, थंड कॉफीत तिचा गोळा होतो. म्हणून दूध फ्रीजमधून काढल्यावर बारीक गाळणीतून गाळायचं, अगदी साय काढून ठेवलेली असली तरी गाळायचं. माझी जाऊबाई यावरून अजून मला हसते आणि माझ्याकडचीच कॉफी दोनदा मागून घेते.

पिशवीच्या दुधात टोन्डमध्ये ३ टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये ६ टक्के. मिक्सरमधल्या दाट कॉफीला फुल क्रीम घ्या. काळ्या कॉफीत जरासं दूध टाकायचं असेल तर टोन्ड बरं, कारण गार झाल्यावर फॅट जिभेवर मेणासारखं बसतं.

पाणी बोअरचं आणि जड असेल तर कॉफी मचूळ लागते. प्यायचं जे चांगलं पाणी असेल त्याचाच बर्फही लावा. बर्फाचा ट्रे शक्यतो झाकणाचा घ्या, नाहीतर शेजारी ठेवलेल्या मटाराचा नि आलं-लसणाच्या पेस्टचा वास बर्फ हमखास उचलतो. हे मी सांगतेय म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या.

मिक्सरची कोल्ड कॉफी

मराठी माणूस 'कोल्ड कॉफी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा हीच असते: दुधाची, गोड, दाट, वर फेस. पुण्यात कॉलेज केलेल्या कुणालाही विचारा, तो कोथरूडच्या 'दुर्गा' कॅफेचं नाव घेईल आणि तिथल्या ग्लासाची चव अजून जिभेवर असल्यासारखं सांगेल. घरी ती हुबेहूब होत नाही. पण जवळपास जाता येतं.

दोन ग्लासांसाठी ४०० मिली गाळलेलं, फ्रीजमधलं दूध घ्या. त्यातलं १०० मिली दूध आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये लावून ठेवा. ही या कृतीतली खरी मेख आहे. पाण्याच्या बर्फाऐवजी दुधाचा बर्फ घातला की तो वितळून दूधच होतो आणि पातळ होण्याचा प्रश्न मुळातच उरत नाही.

वाटीत चार सपाट चमचे इन्स्टंट कॉफी आणि चार-पाच चमचे साखर घ्या, दोन मोठे चमचे गरम पाणी घाला आणि रंग तांबूस होईपर्यंत चमच्याने फेटा. दोन मिनिटं पुरतात. मग ती वाटी पाच मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा. दरम्यान मिक्सरचं मोठं भांडंही फ्रीजमध्ये ठेवलंत तर उत्तम, उन्हाळ्यात स्टीलचं भांडं चांगलंच तापलेलं असतं.

आता भांड्यात फेटलेली कॉफी आणि दुधाचे खडे घाला, अर्धं दूध ओता आणि थांबून थांबून फिरवा. घरगुती मिक्सरची पाती मोठ्या खड्यांवर नुसतीच आपटतात, म्हणून खडे आधी फडक्यात गुंडाळून लाटण्याने फोडून घ्या. खड्यांचा आवाज गेला की उरलेलं दूध ओतून एक मिनिट सलग फिरवा. गार दूध फेसाळतं छान, तुम्हाला वर दोन बोटं फेस दिसेल. तो दिसला की बंद करा. जास्त फिरवलं तर मोटरच्या उष्णतेने दूध कोमटतं आणि फुल क्रीममध्ये लोण्याचे कण दिसायला लागतात.

आइसक्रीम घालायचं असेल तर व्हॅनिलाचा एक गोळा, तोही शेवटी, ग्लासात वरून. मिक्सरमध्ये घातलं तर तो मिल्कशेक होतो, कॉफी मागे पडते. विकत घेताना डब्यावर 'आइसक्रीम' लिहिलंय की 'फ्रोझन डेझर्ट' हे बघा. दुसऱ्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं आणि थंड कॉफीत ते टाळूला चिकटतं.

आणि एक धोक्याची सूचना. कॉफी गरम असताना मिक्सरला लावू नका. बंद भांड्यात वाफ कोंडते आणि झाकण उडतं. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर त्याचा पुरावा रंगकाम होईपर्यंत चार वर्षं होता. घरी येणारा प्रत्येक माणूस मान वर करून विचारायचा, "गळतं का हो?"

स्टीलच्या फिल्टरमधून

ज्यांच्याकडे दाक्षिणात्य फिल्टर आहे त्यांचं अर्धं काम झालेलं आहे, कारण फिल्टरचं डिकॉक्शन, म्हणजे खाली थेंब थेंब उतरलेला कॉफीचा अर्क, मुळातच कडक असतं. वरच्या भोकांच्या भांड्यात २० ग्रॅम पूड (तीन-चार शिगोशीग चमचे) घाला, दांडीच्या चकतीने हलकेच सारखी करा. दाबू नका. दाबली की थेंब पडायचं बंद होतं आणि मग लोक फिल्टर आपटत बसतात. वरून १२० मिली उकळतं पाणी गोल फिरवत ओता, झाकण लावा आणि अर्धा तास विसरून जा. खाली ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन उतरेल, बाकीचं पाणी पूड पिऊन टाकते.

हे डिकॉक्शन बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. प्यायच्या वेळी ४० मिली डिकॉक्शन, १२० मिली गार दूध, चवीपुरता पाक, दोन खडे बर्फ. ढवळा, झालं. मिक्सर नाही, आवाज नाही, दुपारी घरातली माणसं झोपलेली असतील तर हीच कॉफी करावी. डिकॉक्शन दोन दिवसांत संपवा, नंतर वास जातो.

उरलेलं डिकॉक्शन फेकू नका, ट्रेमध्ये ओतून त्याचे खडे करा. नुसत्या गार दुधात असे तीन खडे टाकले की पहिला घोट दुधाचा लागतो आणि शेवटचा कडक कॉफीचा. आमच्याकडे मुलं हे खडे कोण टाकणार यावरून भांडतात.

कोल्ड ब्रू: रात्री लावा, सकाळी गाळा

हॉटेलात दोनशे-अडीचशे रुपयांना मिळणारी ही कॉफी करायला सगळ्यात सोपी आहे, हे कळल्यावर मला थोडा रागच आला होता. यात गॅस पेटवायचाच नाही. गार पाण्यात जाड पूड भिजत ठेवायची, विरजण लावतो तशी. पाणी गार असल्यामुळे कॉफीतली आंबट आणि कडू द्रव्यं कमी उतरतात आणि चव गोडसर, गुळगुळीत येते. कॉफीने ज्यांच्या घशाशी येतं अशा काहींना ही सोसते. वास मात्र गरम कॉफीइतका येत नाही, ही तिची उणी बाजू.

१. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत १०० ग्रॅम जाड दळलेली, बिनचिकोरीची कॉफी घ्या. दळण रव्यासारखं, त्यातही लापशीच्या रव्याच्या जवळचं हवं. पिठासारखं असेल तर गाळ बसत नाही आणि फडकं तुंबतं.

२. ८०० मिली प्यायचं गार पाणी घाला. पूड वर तरंगते, ती लांब चमच्याने खाली ढकलून सगळी ओली करा. कोरडी राहिलेली पूड रात्रभर कोरडीच राहते.

३. झाकण लावून फ्रीजमध्ये १४ ते १६ तास ठेवा. बाहेर ओट्यावर ठेवली तर १२ तासांत होते असं परदेशी कृतींमध्ये लिहिलेलं असतं, पण ते त्यांच्या वीस अंशांच्या खोलीचं गणित आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवायचा धोका नको.

४. आधी साध्या गाळण्यातून गाळा. मग गाळण्यावर धुतलेला सुती पंचा दुहेरी घालून पुन्हा गाळा. पंचा पिळायचा नाही. पिळला की बारीक गाळ आणि कडवटपणा दोन्ही खाली उतरतात. अर्धा तास निथळू द्या.

५. ६०० मिलीच्या आसपास अर्क मिळेल. दोनशेएक मिली पाणी चोथ्यात राहतं, ते गेलं म्हणायचं. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर चांगला राहतो.

पंचा नवा असेल तर त्याला खळीचा वास असतो. आधी दोनदा उकळत्या पाण्यातून काढा. आणि तो पुन्हा देवघरात किंवा अंघोळीला वापरायचा नाही, डाग जात नाही.

प्यायच्या वेळी १०० मिली अर्क, १०० मिली गार पाणी किंवा दूध, दोन-तीन खडे. अर्क आधीच गार आहे, त्यामुळे बर्फ फारसा वितळत नाही. इथे आपण पहिल्या वाटेवर आहोत. अर्क नुसता पिऊ नका. १०० ग्रॅम अरेबिका जातीच्या कॉफीत साधारण १२०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं बरंचसं अर्कात उतरतं. ढोबळ हिशोबाने १०० मिली अर्कात दीडशे मिलिग्रॅम तरी येतं. रोबस्टा ही दुसरी जात असेल तर त्याच्या दुपटीकडे. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं आणि गरोदर बाईने २०० च्या, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. म्हणजे धडधाकट माणसाला अरेबिकाच्या अर्काचे दोन ग्लास दुपारपर्यंत, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर मुळीच नाही. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा सरबतासारखे तीन ग्लास प्यायला आणि पहाटे तीनला मला हाक मारतो, "मावशी, पंखा मोजून झाला, आता काय मोजू?"

बर्फावर गरम धार

ही दुसरी वाट, जपानमध्ये रुळलेली. कॉफी गरमच करायची, पण ती थेंब थेंब थेट बर्फावर पाडायची. गरम पाण्याने वास उतरतो आणि बर्फ तो तिथल्या तिथे कोंडून ठेवतो. काळी थंड कॉफी पिणाऱ्यांनी एकदा तरी करून बघावी.

लागतं काय? प्लास्टिकचा साधा ड्रिपर (कागदी फिल्टर बसवायचं नरसाळं), कागदी फिल्टर, वजनकाटा. एका मोठ्या ग्लासासाठी २० ग्रॅम मध्यम दळलेली कॉफी. एकूण पाणी ३०० ग्रॅम धरा, त्यातलं १८० ग्रॅम गरम आणि १२० ग्रॅम बर्फाच्या रूपात खालच्या भांड्यात. वर बघितलेला हिशोब इथे नेमका बसतो: ड्रिपरमधून गाळून खाली पडते ती १४० ग्रॅमच्या आसपास, ऐंशी अंशांची कॉफी, आणि तिला गार करायला बर्फही जवळपास १२० ग्रॅमच लागतो. सगळा बर्फ विरघळतो आणि कॉफी नेमकी हवी तेवढी पातळ होते.

कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी फेकून द्या. मग कॉफी घाला, ४० ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबा, पूड फुगते. उरलेलं पाणी दोन-तीन हप्त्यांत, मधोमध गोल फिरवत ओता. सगळं मिळून अडीच-तीन मिनिटं. खालचं भांडं हलवून उरलासुरला बर्फ विरघळवा, ताज्या खड्यांच्या ग्लासात ओता. दूध नको. लिंबाची पातळ चकती चालेल. पोर्तुगालमध्ये गार कॉफीत लिंबू घालून 'मझाग्रान' नावाचं पेय पितात, त्याचं नाव अल्जीरियातल्या एका गावावरून आलेलं आहे. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. मग एका दुपारी करून बघितलं आणि ते आवडलं.

दोन-तीन परदेशी, थोडक्यात

ग्रीसची फ्रापे अपघाताने जन्मली. १९५७ साली थेस्सलोनिकीच्या व्यापारी जत्रेत नेस्ले कंपनीच्या स्टॉलवर काम करणाऱ्या दिमित्रिस वाकोंदिओस यांना कॉफी प्यायची होती आणि गरम पाणी मिळेना. त्यांनी इन्स्टंट कॉफी गार पाणी घालून शेकरमध्ये हलवली, आणि दाट फेस आला. आपल्याला शेकर नको, घट्ट झाकणाची बाटली पुरे. दोन चमचे चिकोरी नसलेली इन्स्टंट, दोन चमचे साखर, तीन मोठे चमचे गार पाणी. अर्धा मिनिट जोरात हलवा. ग्लासात ओता, बर्फ, वर गार पाणी, हवं तर थोडं दूध. प्रवासात, हॉस्टेलवर, दिवे गेलेले असताना यासारखी कॉफी नाही.

व्हिएतनामची 'का फे सुआ दा' म्हणजे शब्दशः कॉफी-दूध-बर्फ. तिथे रोबस्टा पिकते, कडक नि कडू, आणि फ्रेंचांच्या काळात ताजं दूध दुर्मिळ म्हणून कंडेन्स्ड मिल्क आलं ते राहिलंच. त्यांचा 'फिन' नावाचा फिल्टर आपल्या स्टीलच्या फिल्टरचा चुलतभाऊ शोभेल, म्हणून नवा घ्यायची गरज नाही. ग्लासात दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क, त्यावर ६० मिली गरम डिकॉक्शन, आधी नीट ढवळायचं आणि मगच बर्फ. उलटं केलंत तर कंडेन्स्ड मिल्क तळाला गारठून चिक्कीसारखं बसतं. पाक अर्थातच नको.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये जगाने जी 'डालगोना' फेटली ती आपल्या फेटलेल्या कॉफीचीच बहीण. इन्स्टंट, साखर आणि गरम पाणी सारख्या मापाने, प्रत्येकी एक मोठा चमचा, पांढुरकी होईपर्यंत फेटायची आणि गार दुधावर ठेवायची. दिसते झकास. पण ढवळल्याशिवाय पिता येत नाही आणि ढवळली की ती मिक्सरच्या कोल्ड कॉफीसारखीच लागते, हात मात्र दुखतो.

जायफळाची, आमच्या आईची

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ हे समीकरण होतं. लग्नकार्यात, जागरणाला, कुणी उशिरा घरी आलं तर. तिची थंड आवृत्ती करायला मला बरेच दिवस लागले, कारण जायफळ गार दुधात किसलं तर वर लाकडाच्या भुशासारखं तरंगतं आणि वास काही सोडत नाही.

म्हणून ५०० मिली फुल क्रीम दूध तापत ठेवा आणि उकळी यायच्या बेतात असताना जायफळ किसणीवर चार-पाच वेळा ओढा. तेवढंच. जास्त झालं तर कडू होतं, आणि जायफळ जास्त पोटात जाणं तसंही बरं नाही. मंद आचेवर दहा मिनिटं आटवा, चार चमचे साखर त्यातच विरघळवा. गॅस बंद करून तीन सपाट चमचे इन्स्टंट (इथे चिकोरीची हवी) थोड्या दुधात कालवून घाला. मग पातेलं परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा आणि अधूनमधून ढवळत राहा, म्हणजे साय धरायची नाही. पूर्ण निवली की पंच्यातून गाळा, किसाचे कण वरच राहतील. फ्रीजमध्ये चार तास.

ही कॉफी बर्फाशिवायच द्यायची, छोट्या पेल्यांत. दूध आटलेलं असल्यामुळे ती मुळातच दाट असते आणि बर्फ टाकला की सगळी मेहनत पाण्यात. त्याच दिवशी संपवा, शिळ्या दुधाला जायफळाचा वास उग्र येतो. मागच्या अक्षय तृतीयेला मी मामंजींना पेला दिला तेव्हा त्यांनी आधी तो हलवून, आत खडे वाजतात का ते बघून घेतलं.